आकडे हरवलेल्या माणसासाठी वेबसाइट कशी बांधावी

माझ्या मामांचे भवानी पेठेत लोखंडी सामानाचे दुकान होते. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी हे सगळे पाढे तोंडपाठ असलेल्या पिढीतले ते; गिऱ्हाईक खिळ्यांचे वजन सांगेपर्यंत त्यांची रक्कम तयार असे. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली. तीन-चार महिन्यांत बोलणे बरेचसे परतले, ते पेपर वाचू लागले, राजकारणावर पूर्वीसारखेच तावातावाने बोलू लागले. आकडे मात्र परतले नाहीत. ‘चौदा’ हा शब्द ऐकून त्यांच्या हातून ४१ लिहिले जाते, आणि १,२४९ ही रक्कम जास्त की कमी, हे त्यांना नुसत्या आकड्यावरून उमगत नाही.

मी वेबसाइट बनवण्याचे काम करतो. एका रविवारी कोथरूडला त्यांच्या घरी बसलो असताना त्यांनी मोबाइलवर विजेचे बिल स्वतः भरण्याचा हट्ट धरला आणि मी शेजारी बसून नुसते पाहत राहिलो. ग्राहक क्रमांक बारा आकडी होता. तो त्यांनी बिलावर बोट ठेवून एकेक आकडा करत भरला, त्यात दोनदा चूक झाली आणि प्रत्येक वेळी ‘अवैध क्रमांक’ एवढेच लाल अक्षरांत उमटले. पुढे ओटीपी आला. संदेशाची पट्टी वरून खाली सरकली, मामा ‘चार, सात’ असे पुटपुटले, तेवढ्यात पट्टी नाहीशी झाली आणि चौकटीत त्यांनी सात आधी भरला, मग चार. खाली तीस सेकंदांची उलटी मोजणी सुरू होती. “हा आकडा पळतोय का रे?” असे विचारून त्यांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. त्या दिवसापासून वेबसाइटवरचा प्रत्येक आकडा पाहताना मी एकच प्रश्न विचारतो: हा आकडा माणसाने वाहून न्यायचा आहे, की ते काम पानाला करता येईल? पुढे जे सांगितले आहे, ते सारे या एका प्रश्नातून निघाले आहे.

अडचण नेमकी कोणती असते

मेंदूला इजा झाल्यानंतर उद्भवणाऱ्या या स्थितीला वैद्यकात अ‍ॅकॅल्क्युलिया म्हणतात. पक्षाघात, दुचाकीच्या अपघातात डोक्याला लागलेला मार, मेंदूतील गाठ किंवा स्मृतिभ्रंश ही तिची नेहमीची कारणे आहेत. लहानपणापासून असणाऱ्या डिस्कॅल्क्युलियापेक्षा, म्हणजे आकडे शिकण्यातल्याच अडचणीपेक्षा, ती वेगळी असते, कारण इथे माणसाला आकडे येत होते आणि ते गेले आहेत, याची त्याला पूर्ण जाणीव असते. डाव्या मेंदूतील पार्श्वखंडाच्या एका विशिष्ट भागाला इजा झाली, तर गणिताबरोबर लिहिणे, स्वतःची बोटे ओळखणे आणि डावे-उजवे ओळखणे याही गोष्टी बिघडू शकतात. या चौकडीला गेर्स्टमान सिंड्रोम असे नाव आहे. म्हणून ‘उजवीकडील बटण दाबा’ ही सूचनाही अशा वाचकाला अडवू शकते. बटणावर जे लिहिले आहे, तेच सूचनेत लिहावे.

प्रत्येकाचे नुकसान वेगळे असते. कोणाला आकडा वाचता येतो पण लिहिता येत नाही. कोणी ‘एकशे पाच’ हे १००५ असे लिहितो, म्हणजे शंभर आणि पाच जसे ऐकले तसे शेजारी मांडतो. कोणाचे अचूक गणित जाते, पण अंदाज शाबूत राहतो. मेंदूचा अभ्यास करणारे स्तानिस्लास देहान आणि लोरां कोएन यांनी १९९१ मध्ये अशा एका रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या मते वर्षात सुमारे साडेतीनशे दिवस होते. दोन अधिक दोन बरोबर पाच हे त्याला चालत असे, पण दोन अधिक दोन बरोबर नऊ म्हटले की तो ठाम नकार देई. वेबसाइट बांधणाऱ्यासाठी ही गोष्ट फार मोलाची आहे. अचूक आकडा हातातून निसटला, तरी ‘नेहमीएवढेच’, ‘बरेच जास्त’, ‘थोडेसे’ या कल्पना अनेकांकडे शिल्लक असतात आणि आपल्याला आधार तिथेच द्यायचा आहे.

मराठी आकड्यांची स्वतःची अडचण

परदेशी मार्गदर्शिकांत ही बाब सापडत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. आपण २५ लिहिताना दोन आधी लिहितो, पण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी म्हणतो. जर्मन भाषेतही तसेच आहे. त्यापुढे ‘एकोण’ची गोष्ट येते: एकोणसत्तर म्हणजे सत्तराला एक उणा, पण ऐकणाऱ्याच्या कानात ‘सत्तर’ राहतो आणि बोट ७ वर जाते. दीड, अडीच, पावणेदोन हे शब्द तर प्रत्येकी एक छोटे गणितच आहेत. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पंचवीस’च्या जोडीला ‘वीस पाच’ अशी वाचनाची रीत दिली गेली, तेव्हा केवढे वादळ उठले होते, ते अनेकांना आठवत असेल. अशी संख्यानावे मुलांना अवघड जातात, हा गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी तेव्हा मांडलेला मुद्दा आकडे हरवलेल्या प्रौढ माणसाच्या बाबतीत मला अधिकच पटतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा की, फोनवरून ओटीपी किंवा टोकन क्रमांक ऐकवायचा असेल, तर ‘एकोणसत्तर, पंचवीस’ असे जोडीने ऐकवू नये. सहा, नऊ, दोन, पाच असे सुटे आकडे पुरेसा विराम घेऊन ऐकवावेत आणि ‘पुन्हा ऐका’ ही सोय हवी तितक्या वेळा द्यावी. स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या यंत्राच्या, बाबतीत हीच काळजी दुप्पट घ्यावी. दहा आकडी मोबाइल नंबर सलग लिहिला, तर वाचन-यंत्र त्याचे अब्जात वाचन करू शकते. तो पाच-पाचच्या दोन गटांत लिहून वाचनासाठी आकडे सुटे करून द्यावेत, आणि मुख्य म्हणजे नंबरावर बोट ठेवताच फोन लागेल असा दुवा द्यावा, म्हणजे तो वाचण्याची गरजच उरणार नाही.

देवनागरी आकडे वापरावेत की इंग्रजी? दोन्हींपैकी एक सर्वांसाठी लादू नये, एवढे मात्र नक्की. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाची बालपणीची ओळख १, २, ३ शी असते, पण फोनचा कीपॅड, बसचा फलक आणि एटीएम यांवर त्याला इंग्रजी आकडेच भेटतात. सर्वांत वाईट अवस्था एकाच पानावरील सरमिसळीची असते आणि ती बहुधा नकळत होते: जावास्क्रिप्ट या वेबसाइटच्या भाषेत आकडे मांडून देणाऱ्या इंटल नंबरफॉरमॅटला मराठीचा लोकेल (भाषेची खूण) दिला की किंमत देवनागरीत उमटते, पण तारीख आणि फोन नंबर हाताने लिहिलेले असल्यामुळे इंग्रजीतच राहतात. लोकेलमध्ये अंकपद्धतीचा स्पष्ट उल्लेख करावा, संपूर्ण पानावर एकच पद्धत ठेवावी आणि ती बदलण्याचे बटण वाचकाला द्यावे. फॉर्मने मात्र दोन्ही प्रकारचे आकडे मुकाट्याने स्वीकारले पाहिजेत. भरलेला मजकूर तपासणाऱ्या जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधील अंकाची खूण फक्त इंग्रजी आकडे ओळखते. त्यामुळे तपासणीपूर्वी देवनागरी आकड्यांचे रूपांतर करणारी एक ओळ लिहावी लागते. ती न लिहिल्यास वाचकाने बरोबर भरलेला नंबर यंत्र चुकीचा ठरवते. देवनागरीत १ आणि ९ यांची गफलत सहज होते, म्हणून अशा जागी मोठा आणि सुस्पष्ट वळणाचा टंक (फॉन्ट) निवडावा.

आकडा वाहून नेण्याचे काम पानाकडे द्यावे

ओटीपीपासून सुरुवात करावी, कारण अनेक माणसे तिथे अडतात. चौकट आपोआप भरून देणाऱ्या ऑटोकम्प्लीट गुणधर्माला ‘वन-टाइम-कोड’ हे मूल्य दिले, तर अनेक फोन संदेशातला आकडा स्वतःहून पुढे करतात आणि वाचकाला फक्त एकदा बोट लावावे लागते. सहा आकड्यांसाठी सहा सुट्या चौकटी करण्याची पद्धत दिसायला नेटकी असली तरी तिच्यात आकडा चिकटवणे (पेस्ट करणे) आणि दुरुस्त करणे दोन्ही अवघड होते. एकच रुंद चौकट ठेवावी. तिला न्यूमरिक इनपुटमोड द्यावा, म्हणजे आकड्यांचा कीपॅड उघडेल. ‘नंबर’ प्रकारची चौकट इथे वापरू नये, कारण तिच्यातील लहान बाणांमुळे किंवा माउसच्या चाकामुळे भरलेला आकडा वाचकाच्या नकळत बदलू शकतो. चिकटवण्यास बंदी घालणे, आणि त्यातही खाते क्रमांक पुन्हा एकदा हाताने भरायला लावणे, ही मला या सगळ्यातली सर्वांत निर्दय सवय वाटते. आकडे न कळणाऱ्या माणसाला दुसऱ्यांदा भरताना पहिली चूक दिसत नाही, उलट आणखी एक होते. त्याऐवजी, यूपीआयमध्ये पैसे पाठवण्यापूर्वी जसे समोरच्याचे नाव दिसते, तसे खातेदाराचे नाव ठळक दाखवावे. नाव त्याला वाचता येते.

वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांची, म्हणजे डब्ल्यूसीएजीची, २.२ ही आवृत्ती ५ ऑक्टोबर २०२३ रोजी आली आणि तिच्यातील दोन नवे निकष थेट आपल्या कामाचे आहेत. ३.३.७ सांगतो की, एकदा दिलेली माहिती त्याच प्रक्रियेत पुन्हा मागू नये, ३.३.८ सांगतो की, लॉगिन करताना स्मरणशक्ती किंवा कोडे सोडवण्याची परीक्षा हा एकमेव मार्ग नसावा. ‘७ + ४ = किती?’ असे विचारून माणूस आहे की यंत्र हे ठरवणारी चौकट कोणत्याही पानावरून काढून टाकावी. यंत्राला ते गणित सहज जमते आणि माझ्या मामांना जमत नाही.

ग्राहक क्रमांक, मिळकतकराचा क्रमांक, आयएफएससी (बँकेच्या शाखेचा सांकेतिक क्रमांक) यांसारखे लांब क्रमांक शक्य असेल तिथे भरायलाच लावू नयेत. बिलावरील क्यूआर कोड वाचण्याची किंवा बिलाचा फोटो देण्याची सोय करावी, मागच्या वेळचा क्रमांक ‘कोथरूडचे घर’ अशा नावाने जपून ठेवावा. भरावाच लागला, तर आधारवर बारा आकडे चार-चारच्या तीन गटांत छापतात, तसे गट चौकटीत आपोआप पाडावेत, आणि मध्ये मोकळी जागा भरली म्हणून क्रमांक नाकारू नये. आयएफएससीतील पाचवे अक्षर नेहमी शून्य असते. तिथे कोणी इंग्रजी ‘ओ’ भरला, तर चूक दाखवण्याऐवजी ती यंत्रानेच दुरुस्त करावी. चूक दाखवायचीच असेल, तर ‘अवैध’ म्हणून सोडून देऊ नये. ‘एक आकडा कमी आहे, शेवटचा गट पुन्हा पाहा’ असे लिहून तो गट रंगवून दाखवावा. भरलेले बाकीचे आकडे पुसून टाकण्याचा अधिकार वेबसाइटला नाही.

वेळेच्या मर्यादेबाबत डब्ल्यूसीएजीचा २.२.१ हा निकष पुरेसा स्पष्ट आहे: मर्यादा बंद करता यावी, किंवा मुळापेक्षा किमान दहापट वाढवता यावी, किंवा संपण्यापूर्वी सूचना देऊन निदान वीस सेकंदांत एका साध्या कृतीने किमान दहा वेळा वाढवून घेता यावी. सुरक्षेसाठी ओटीपीला मुदत असणे समजण्यासारखे आहे; पण ती संपल्यावर भरलेला सगळा फॉर्म रिकामा होण्याचे कारण नाही, आणि सेकंदांची पळती मोजणी दाखवण्याचे तर मुळीच नाही. ‘अजून वेळ आहे’, ‘थोडाच वेळ उरला आहे’ आणि ‘नवा ओटीपी मागवा’ एवढे शब्द पुरेसे आहेत.

आकड्याशेजारी त्याचा अर्थ

काही आकडे टाळता येत नाहीत. अशा वेळी आकड्याच्या शेजारीच त्याचा अर्थ लिहावा. आपल्याकडे चेकवर रक्कम अक्षरी लिहिण्याची पद्धत आहे आणि मामांच्या पिढीला ती अंगवळणी पडलेली आहे. तीच पैसे भरण्याच्या पानावर आणावी. ‘₹१,२४९’ च्या खाली ‘अक्षरी रुपये एक हजार दोनशे एकोणपन्नास’ आणि त्याखाली ‘मागच्या महिन्याएवढेच बिल आहे’ अशी तिसरी ओळ. मामांसाठी मी घरी असे एक पान बनवून पाहिले, तेव्हा पहिल्या दोन ओळींवरून त्यांची नजर सरळ पुढे गेली आणि तिसरी वाचून ते म्हणाले, “मग भर.” ज्यांचा अंदाज शाबूत आहे, त्यांना निर्णयासाठी तुलनाच लागते आणि ती वजाबाकी करण्यात यंत्राला काहीही कष्ट पडत नाहीत.

हीच तुलना चूक पकडण्यासाठी उलट्या बाजूनेही वापरावी. रुपयांनंतरचे ‘.००’ हे दशांश चिन्ह नजरेतून सुटले की बाराशे एकोणपन्नासाचे सव्वा लाख वाचले जातात. पूर्ण रुपये असतील तिथे पैसे दाखवूच नयेत, आणि स्वल्पविराम लाखाच्या पद्धतीनेच द्यावेत. वाचकाने नेहमीच्या दहापट रक्कम भरली, तर ‘ही रक्कम नेहमीपेक्षा खूपच जास्त आहे. एखादे शून्य जास्त पडले आहे का?’ असे शांतपणे विचारावे. पैशांच्या आणि कायदेशीर व्यवहारांसाठी निकष ३.३.४ हेच सांगतो, की व्यवहार मागे घेता यावा, किंवा त्यातील चुका तपासून दाखवाव्यात, किंवा शेवटी खातरजमा करून घ्यावी. माझ्या मते यांपैकी मागे घेण्याची सोय सर्वांत महत्त्वाची आहे, कारण खातरजमेच्या पानावर तोच न कळणारा आकडा पुन्हा एकदा दिसत असतो.

मामा नोटा मात्र अजूनही ओळखतात: पाचशेची राखाडी, दोनशेची गडद पिवळी, शंभरची जांभळट, पन्नासची निळी. त्यांच्यासाठीच्या पानावर रकमेशेजारी मी नोटांच्या रंगांचे आयत काढले आणि प्रत्येकावर रंगाचे नाव लिहिले, कारण नुसत्या रंगावर अर्थ सोपवू नये. त्यांना त्याचा उपयोग झाला. त्यांच्याबरोबर उपचाराला येणाऱ्या एका गृहस्थांना त्यामुळे उलट गोंधळ झाला. म्हणून अशा सोयी सेटिंगमध्ये ठेवाव्यात, सर्वांवर लादू नयेत.

सवलत दाखवताना टक्केवारी लहान आणि अंतिम किंमत मोठी असावी. ‘तुमचे इतके वाचले’ हे गणित पानाने करून द्यावे, आणि पर्यायांमध्ये ‘सर्वांत स्वस्त’ हा शब्द स्पष्ट लिहावा. तारखांमध्ये ०५/०६ असे कधीही लिहू नये. ‘शुक्रवार, ५ जून’ असे वारासकट लिहावे, जवळची असेल तर ‘परवा’ हेही जोडावे. पुण्याहून सकाळी सव्वासातला सुटणारी डेक्कन क्वीन संध्याकाळी मुंबईहून १७:१० ला निघते, हे वेळापत्रकाच्या भाषेत ठीक असले तरी १७ मधून १२ वजा करण्याचे काम वाचकावर सोडू नये. ‘संध्याकाळी ५ वाजून १० मिनिटे’ असे लिहावे. फॉर्मच्या पायऱ्यांनाही आकड्यांऐवजी नावे द्यावीत: पत्ता, पैसे, पावती.

तपासणी

पहिली तपासणी स्वतःवर करावी. आपल्या वेबसाइटच्या चाचणी-प्रतीवर असा टंक बसवावा, ज्यात प्रत्येक आकड्याच्या जागी बंगाली आकडा दिसेल, आणि मग बिल भरून पाहावे. बंगालीतला चार हा इंग्रजी आठसारखा आणि सात हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, त्यामुळे ओळखीचा वाटणारा आकडाच आपल्याला फसवतो. बंगाली वाचता येत असेल, तर कन्नड आकडे घ्यावेत. ही प्रत्यक्ष अडचणीची बरोबरी नव्हे, पण आपल्या पानावर किती ठिकाणी आकडा विनाकारण वाहून न्यावा लागतो, ते अर्ध्या तासात कळते.

खरी तपासणी अशी अडचण असलेल्या माणसांबरोबरच होते, आणि त्यांच्यापर्यंत वाक्-उपचारतज्ज्ञांच्या व पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनाचे काम करणाऱ्यांच्या मार्फत पोहोचता येते. त्यांना योग्य मानधन द्यावे, बैठक लहान ठेवावी कारण मेंदू लवकर थकतो, आणि खरे खाते किंवा खरे पैसे कधीही वापरू नयेत. ‘ही रक्कम किती आहे, सांगा’ असे विचारणे म्हणजे त्यांची परीक्षा घेणे होय. ‘यातले तुम्ही कोणते घ्याल?’ असे विचारावे आणि मग गप्प बसून हात कुठे थबकतो ते पाहावे. बरोबर आलेल्या पत्नीने किंवा मुलाने उत्तर दिले, तर तेही नोंदवावे, कारण प्रत्यक्षात तो आकडा त्यांनाच वाहावा लागतो.

कायद्याविषयी थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या सुलभतेची तरतूद आहे, आयएस १७८०२ हे त्याच सुलभतेचे भारतीय मानक उपलब्ध आहे, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१ मधील जीवनाच्या हक्काचा भाग मानला आहे. अधिनियमाच्या अनुसूचीत डिस्कॅल्क्युलियाचे नाव आहे. पक्षाघाताने आकडे गेलेल्यांचा तसा वेगळा उल्लेख नाही. म्हणूनच या सोयींसाठी प्रमाणपत्र मागू नये. सेटिंग उघडले की ते कोणालाही मिळाले पाहिजे.

शेवटची बाब मदतीच्या दुव्याची आहे आणि ती हमखास राहून जाते. प्रत्येक पानावर मदत त्याच जागी असावी, एवढे निकष ३.२.६ सांगतो, पण दुवा सापडला, तरी पलीकडची व्यक्ती किंवा रेकॉर्ड केलेला आवाज पहिल्याच वाक्यात ‘आपला तक्रार क्रमांक भरा, त्यानंतर हॅश दाबा’ असे म्हणतो आणि माणूस पुन्हा मूळ जागी येऊन पडतो. त्याऐवजी ‘मला फोन करा’ असे एक बटण द्यावे. ते दाबताच वाचकाचे नाव, तो अडलेले पान आणि लागणारे सगळे क्रमांक मदत करणाऱ्याच्या पडद्यावर आधीच पोहोचलेले असावेत, आणि फोन उचलल्यावर पहिले वाक्य ‘नमस्कार, तुम्ही बिलाच्या पानावर होता ना?’ असे असावे.